हॅनाने मागितलेली माफी

हे मी समीरलासुद्धा सांगितलेलं नाही. एका घरात राहतो, एकाच गाडीतून ग्रोसरीला जातो, माझ्या बँकेचा पासवर्ड त्याला पाठ आहे — पण हे त्याला माहीत नाही. आईला नाही. कुठल्या मैत्रिणीला नाही. आणि आता लिहिते आहे तेही मराठीत. माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली. मराठीत मी पत्रसुद्धा कधी धड लिहिलं नाही. मग मराठीतच का? कारण ज्यांना हे कळायला हवं होतं, त्यांच्यापैकी एकालाही ही लिपी वाचता येत नाही. म्हणजे सुरुवातच भित्री आहे. मला दिसतंय ते.

लग्नानंतर मी पुण्याहून कॅनडात, मार्कहॅमला आले, ते २००८ चं वर्ष होतं. झूऑलॉजीत एमएस्सी केलेलं. दिसेल तिथे अप्लाय केलं आणि सगळीकडून एकच उत्तर आलं — कॅनेडियन एक्सपिरियन्स नाही. दिवसभर घरात बसून खिडकीतून बर्फ बघायचा, समीर आला की त्याने विचारायचं, काही आलं का, आणि मी मान हलवायची. अशात लायब्ररीच्या बोर्डावर एक कागद दिसला. आपल्या मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या काही कुटुंबांना बायॉलॉजीची प्रॅक्टिकल्स घ्यायला कुणीतरी हवं होतं. रिचमंड हिलच्या बाजूला एका चर्चच्या बेसमेंटमध्ये त्यांचा वर्ग भरायचा.

कॅरल नावाच्या बाई सगळं बघायच्या. त्यांनी माझ्यासाठी ब्लूबेरी मफिन्स करून आणले होते. माझं नाव केतकी, ते त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं, मग स्वतःच हसल्या आणि विचारलं, "मिस के चालेल का?" चालेल म्हटलं. मग अगदी मऊ आवाजात त्यांनी अट सांगितली. प्राणी शिकवा, हृदय शिकवा, रक्ताभिसरण शिकवा. हे सगळं मुळात निर्माण कसं झालं, ते आम्ही घरी शिकवतो.

मी म्हटलं, ऑफ कोर्स.

घरी आल्यावर जरा अस्वस्थ होते. समीर म्हणाला, "अगं, तुला बेडूक कापायला बोलावलंय. त्यांचा बाप्तिस्मा कोण करतं याच्याशी तुला काय करायचंय?" आम्ही दोघं हसलो. खरंच, काय करायचं होतं? मी नन्सच्या शाळेत वाढलेली. सकाळी असेंब्लीत डोळे मिटून प्रार्थना म्हणायची, घरी येऊन आजीबरोबर रामरक्षा, आणि उत्क्रांतीचा धडा मार्कांपुरता. तिन्ही गोष्टी एका डोक्यात शेजारी शेजारी राहिल्या, कधी भांडल्या नाहीत. आपण असेच वाढतो, नाही का? जिथे जे म्हणायचं ते म्हणायचं.

ती माणसं वाईट नव्हती. हे मला आधी सांगायला हवं, कारण तुम्ही वेगळीच माणसं डोळ्यांसमोर आणाल. गुड फ्रायडेला इथे बँका बंद असतात, डिसेंबरात प्रत्येक दुकानात गव्हाणीतलं बाळ असतं — पण आमच्या गल्लीत रविवारी चर्चला जाणारं घर शोधावं लागेल. जो तो नावापुरता ख्रिश्चन. त्यात ही मोजकी कुटुंबं खरोखर मानणारी. त्यांना वाटायचं, आपल्याला घेरलंय. आणि घेरलेल्या माणसांसारखीच ती वाद घालायची — चिडून नाही, फार नम्रपणे. मुलांना एक प्रश्न शिकवलेला होता. कुणी लाखो वर्षांपूर्वीचं काही सांगितलं की हात वर करून विचारायचं, "तुम्ही तिथे होता का?" पहिल्यांदा मला तो एका दहा वर्षांच्या मुलीने विचारला. मी फक्त मासा किती जुना प्राणी आहे एवढंच म्हटलं होतं. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मी हसले आणि माशाचे कल्ले दाखवायला लागले.

हॅना सोळा वर्षांची होती. वर्गात सगळ्यांत मोठी. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि त्यासाठी शेवटचं वर्ष सरकारी शाळेत जाऊन बायॉलॉजी घ्यावी लागणार होती. तिचे वडील बऱ्याच दिवसांनी कसेबसे राजी झाले होते. हे तिने मला ट्रे धुताना सांगितलं. वर्ग संपला की बाकीची मुलं वर जायची आणि ती मागे राहायची, न सांगता बाही वर करून सिंकपाशी उभी राहायची. मी बोलत नाही फारशी. तीही नव्हती बोलत. आमचं बरं जमायचं.

एकदा बेडकाचा पुढचा पाय सोडवत असताना ती थांबली. आपल्या मनगटापासून कोपरापर्यंत दोन हाडं असतात. बेडकाला तिथे एकच असतं. पण नीट पाहिलं तर त्या एका हाडावर लांब खाच दिसते — दोन हाडं जुळून एक झाल्याची. मी ते शिकवलं नव्हतं. तिने स्वतः पाहिलं. नंतर सिंकपाशी तिने हळूच विचारलं, "एकच हवं होतं तर सरळ एकच का नाही केलं? दोन करून मग चिकटवायचं कशाला?"

एमएस्सीच्या दोन वर्षांत इतका चांगला प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.

मी तिला खरं सांगितलं. त्याच्या पूर्वजांकडे दोन होती म्हणून. नळ सोडलेला होता, वर कुणाला ऐकू जाणार नव्हतं. त्या दिवसापासून दर वेळी काहीतरी — देवमाशाच्या वल्ह्यासारख्या परातली बोटं, आपलं माकडहाड. मी आवाज खाली ठेवून सांगायचे आणि ती ट्रे पुसत ऐकायची. इतकं मोकळं मी या देशात कुणाशी बोलले नव्हते. आनंद होत होता. तो खरा होता, हे मी आज नाकारणार नाही.

याच दिवसांत एका शनिवारी आम्ही मराठी मंडळींकडे जेवायला गेलो होतो. मी या शिकवणीबद्दल बोलले आणि सगळे हसले. एक निवृत्त इंजिनियर काका, चाळीस वर्षांपूर्वी इथे आलेले, म्हणाले, "अहो, हे अजून भांडतायत. आपल्या दशावतारात सगळं आहे. मत्स्य — पाण्यातला. कूर्म — उभयचर. वराह — जमिनीवरचा. ऋषींना ठाऊक होतं." सगळे वा म्हणाले. कासव उभयचर नसतं. मी हे म्हटलं का? मी म्हटलं, "हो काका," आणि श्रीखंडाचं भांडं पुढे सरकवलं. म्हणजे, तिथे मला कुठली नोकरी जाण्याची भीती होती?

आणखी गोल गोल फिरत नाही.

मार्च महिन्यात चर्चने एक वक्ता बोलावला. बाहेरगावचा, उत्क्रांतीविरुद्ध गावोगावी एकच भाषण देणारा. कॅरलने मलाही आग्रहाने बोलावलं. वर्गातले सगळे आईवडील येणार होते. माणूस हुशार होता. एकदाही आवाज चढवला नाही. तो म्हणाला, थिअरी म्हणजे अंदाज, हे शास्त्रज्ञच सांगतात. म्हणाला, मी फक्त न्याय मागतोय, दोन्ही बाजू मुलांपुढे ठेवा. शास्त्रज्ञांची आपापसातली भांडणं त्याने पडद्यावर दाखवली — कशावरून भांडतात ते कापून. ती वाक्यं कुठे तोडली आहेत ते मला दिसत होतं. सभागृहात बहुधा एकट्या मलाच दिसत होतं. मी कोटाचं बटण काढत-लावत बसले.

प्रश्नांची वेळ आली आणि हॅना उभी राहिली.

तिने बेडकाचं हाड विचारलं. जसं मला विचारलं होतं तसंच. वक्ता हसून म्हणाला, गाड्या बनवणारी कंपनी सगळ्या मॉडेलना तेच चाक लावते. एकच कारागीर, एकच आराखडा. लोक खूश झाले. ती बसली नाही. म्हणाली, पण हे चाक नाही, ही दोन चाकं वितळवून केलेलं एक आहे. त्याने विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, आता दोघी आहोत. म्हणाली, "मिस के. त्यांनी यात मास्टर्स केलंय."

सगळ्या खुर्च्या वळल्या. मी उभी राहिले — नाव घेतलं की उभं राहायचं, ही शाळेची सवय. वक्त्याने फार आदराने विचारलं, मॅडम, तुम्ही या मुलीला असं शिकवलंत का?

मी म्हटलं, "नाही. तिच्या ऐकण्यात काहीतरी गडबड झाली असेल."

त्याने विचारलं, शास्त्रज्ञ म्हणून तुम्हाला वाटतं का, की शंकेला जागा आहे? मी म्हटलं, शंकेला जागा नेहमीच असते. खरंच असते, पण मी ते का म्हटलं ते मला ठाऊक होतं, आणि त्याने ते कसं घेतलं तेही मी ऐकलं. तो लोकांकडे वळून म्हणाला, बघा, या आपल्या धर्माच्याही नाहीत, तरी किती प्रामाणिक. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजत होत्या तोवर हॅना उभीच होती. तिला कळतच नव्हतं. चिडलेली नव्हती ती — मी चुकून काही वेगळं बोलले असेन आणि आता सुधारेन, असं वाट पाहिल्यासारखं बघत होती. मी खाली बसले.

इथवरचं तुम्ही कदाचित समजून घ्याल. नवा देश, पहिली नोकरी, शंभर माणसं. मीही बस येईपर्यंत स्वतःला हेच सांगितलं. शंका काढली म्हणून हॅनाच्या घरात फार काही होणार नाही, असंही वाटलं. आणि ते बरोबरच होतं. शंकेचं त्यांना काही नव्हतं. कुणाला शंका आली तर त्याच्यासाठी ते प्रार्थना करायचे. पण त्यांच्या लेखी हॅनाने एका मोठ्या माणसाच्या नावावर खोटं सांगितलं होतं — भर चर्चमध्ये. त्या घरात याच्याएवढं मोठं दुसरं काही नव्हतं.

पुढच्या वर्गाच्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन आले. मुलं अजून यायची होती. टेबलावर ट्रे मांडून ठेवले होते. त्या लोकांत एक पद्धत आहे: ज्याचं चुकलं त्याने समोर यायचं, डोळ्यांत बघायचं, काय चुकलं ते शब्दांत सांगायचं आणि विचारायचं, मला क्षमा कराल का. हॅना माझ्यासमोर उभी राहिली. डोळे सुजलेले होते. तिने सांगितलं, "मिस के, तुम्ही जे बोलला नव्हता ते मी तुमच्या नावावर सांगितलं. मी खोटं बोलले. मला क्षमा कराल?"

ती माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं. मला माहीत होतं. आमच्या दोघींमध्ये हातभर अंतर होतं आणि एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "इट्स ओके."

तिच्या वडिलांनी हसून मला थांबवलं. फार सौम्य माणूस. म्हणाले, आम्ही 'ओके' म्हणत नाही, कारण खोटं बोलणं ओके नसतं. आम्ही 'मी तुला क्षमा केली' असं म्हणतो. नाहीतर तिच्या मनातून ते जाणार नाही.

म्हणजे मला आणखी एक संधी मिळाली होती. कितीजणांना मिळते?

"मी तुला क्षमा केली, हॅना."

तिने मान डोलावली. थँक यू म्हणाली. वडिलांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं जिना चढून गेले. त्या दिवशी मी हृदयाचे कप्पे शिकवले. 

ती वर्गाला परत आली नाही. कॅरलकडून कळलं की सरकारी शाळेचं रद्द झालं — जिच्या शब्दाचा भरवसा नाही तिला बाहेर कसं पाठवणार? कॅरल हळहळल्या. माझ्यासाठी मात्र चांगला शब्द टाकला त्यांनी. उन्हाळ्यात एका लॅबने त्यांना फोन करून माझ्याबद्दल विचारलं, आणि मला नोकरी लागली. आजही तिथेच आहे. कुणी विचारलं की सांगते, पहिला कॅनेडियन एक्सपिरियन्स चर्चमधला. लोकांना गंमत वाटते.

पुढच्या हिवाळ्यात मी एकदा हॅनाच्या घरी फोन केला. लंचच्या सुट्टीत, पार्किंग लॉटमध्ये, गाडीच्या काचा बंद करून. काय बोलायचं ते ठरवलं होतं, मोठ्याने म्हणूनही पाहिलं होतं. हॅना खोटं बोलली नव्हती. मी बोलले. एवढंच. तिच्या वडिलांनी उचलला. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला, त्यांना आनंद झाला. मी विचारलं, हॅना कशी आहे. ते म्हणाले, छान आहे, घरी आईला मदत करते, लहान भावंडांना शिकवते. आता ती तसले प्रश्न विचारत नाही. म्हणाले, "आमची मुलगी आम्हाला परत मिळाली, मिस के. तुम्ही तिला क्षमा केलीत ना, त्याचा फार उपयोग झाला."

मी श्वास घेतला. ते थांबले होते. मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी बाई मुलाला हाक मारत होती, ती हॅना होती की तिची आई, मला ओळखता आलं नाही.

मी म्हटलं, "थँक यू." आणि फोन ठेवला. त्यानंतर मी कधी केला नाही.