वरचा आठवडा, खालचा आठवडा

एर्मिंदाबाईला, गल्लीच्या भाषेत दोन्या एर्मिंदाला, कुणी वय विचारलं तर ती दोनचार वर्षं इकडची तिकडे करायची. पण पुढच्या वर्षातली कुठलीही तारीख विचारा, डोळा लवायच्या आत उत्तर यायचं: "वर," नाहीतर "खाली."

ओवाये शहराजवळच्या डोंगरउतारावरची ती गल्ली या दोन शब्दांवरच चालायची. गल्लीतले पुरुष उत्तरेला तांब्याच्या खाणीत. बुधवारी बस भरून जायची. सात दिवस वर खाणीत, पुढच्या बुधवारी परत, सात दिवस खाली घरी. लग्न ठरवायचं, बारसं करायचं, नाही तर छपरावर पत्रे घालायचे, आधी एर्मिंदाच्या फाटकाशी यायचं. ज्या वर्षी नाताळ वर पडायचा, त्या वर्षी अख्खी गल्ली आठवडाभर आधीच नाताळ उरकून घ्यायची. एर्मिंदाच्या थोरल्याला सात वर्षांचा होईपर्यंत वाटायचं की आपला वाढदिवस दरसाल फिरता असतो.

तिचं गणित फार नव्हतं. नवरा नोल्बेर्तो पहिल्यांदा वर गेला तो बुधवार तिनं डोक्यात पक्का केला होता आणि तिथून चौदाचा पाढा म्हणत जायची. बाकी किती उरले ते बघायचं, सात किंवा जास्त असले तर माणूस घरी. पुढं सगळ्यांच्या फोनमध्ये कॅलेंडर आलं, तरी लोक तिलाच विचारायचे. फोन उघडेपर्यंत हिचं उत्तर देऊन झालेलं असायचं, आणि वर एखादा टोमणा फुकट.

"दोन्या एर्मिंदा, पोरीचं लग्न चार ऑक्टोबरला धरलं तर?"

"वर. नवरदेव फोटोतच उभा करावा लागेल. अकराला करा."

बढाई होतीच तिला, का नसावी? शाळा चौथीत सुटलेली बाई, आणि खाणीतले इंजिनियरसुद्धा तिच्याकडून तारखा घ्यायचे, असं नोल्बेर्तो सांगायचा. इंजिनियरचं थोडं तिखटमीठ असेल. स्वयंपाकघराच्या दारामागे तिनं आणखी एक हिशोब खडूनं मांडला होता: नोल्बेर्तो कायमचा खाली येईपर्यंत वरचे किती आठवडे उरले. दर दुसऱ्या बुधवारी त्याची बस सुटली की ती एक रेघ पुसायची. शहाण्णव उरल्या तेव्हा तो म्हणाला होता, "म्हातारे, नंतर मी रोज घरी असेन, तुला माझा कंटाळा येईल." ती म्हणाली, "येऊ दे की. पंचवीस वर्षांत तेवढीही सवड मिळाली नाही."

त्याच सुमारास त्याचं पोट दुखायला लागलं. शेवया घातलेला राजमा हा त्याचा जीव, तो ताटात तसाच राहू लागला. डॉक्टरनं पोटात नळी घालून तपासायला लिहून दिलं आणि नाव शहरातल्या इस्पितळाच्या यादीत गेलं. एप्रिलच्या शेवटी फोन आला. नोल्बेर्तो वर होता, फोन एर्मिंदानं घेतला.

"नऊ मे, गुरुवार. येणार का?"

तिच्या डोक्यात पाढा आपोआप फिरला. वर. वरच्या आठवड्यात रजा मागणारा माणूस कामचुकार ठरायचा, आणि कंत्राट नवं करायच्या वेळी ठेकेदाराला नेमकं त्याचंच नाव आठवायचं नाही. ती म्हणाली, "त्या आठवड्यात नाही जमायचं, बाई. पुढची द्या."

पुढची आली वीस जून. चौदा त्रिक बेचाळीस, पुन्हा वर. तिनं पुन्हा नाही म्हटलं. नोल्बेर्तोला तिनं हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं केलंस, म्हातारे. तेवढ्यासाठी दिवस कशाला मोडायचे?" तिसरी तारीख मिळाली तीन ऑक्टोबर. खाली. एर्मिंदानं खडूनं ती दारावर मोठी लिहिली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज खाली ठेवून बोलल्या. मे महिन्यात आला असतात तर गाठ कापून काढता आली असती, म्हणाल्या. नोल्बेर्तो खिडकीबाहेर बघत राहिला. एर्मिंदानं मात्र तिथंच, नको असताना, हिशोब केला: एकवीस आठवडे. तिचं डोकं थांबायचं नावच घेईना.

सतरा मार्चला, सोमवारी, तो गेला. आठवडा वरचा होता. माणसं आली, रडली, जेवली. मंगळवारी मातीही झाली. आणि बुधवारी दुपारी एर्मिंदानं सवयीनं राजमा शिजत टाकला, टॉवेल उन्हात घातला आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. बस आली, नेहमीची माणसं उतरली. तिला पाहून एकेकानं मान खाली घातली, तेव्हा कुठं तिला कळलं. पंचवीस वर्षं नवरा नसण्याची सवय होती तिला, पण ती सात दिवसांचीच. आठव्या दिवसाचं काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दारामागच्या रेघा तिनं पुसल्या नाहीत. लोक तारखा विचारायला येत राहिले, ती उत्तरं देत राहिली, टोमणे मात्र बंद झाले. नवऱ्याच्या त्या तारखांबद्दल ती कुणाशी अवाक्षर बोलली नाही.

पुढच्या वर्षी जुलैत समोरची हिसेला कानाला फोन धरून धावत आली. तिचा नवरा ओरिएल नोल्बेर्तोच्याच तुकडीतला, त्याच बसनं जाणारा. दोन महिन्यांत त्याची पँट पट्ट्याशिवाय राहीनाशी झाली होती, आणि तो खाणीतल्या जेवणाला नावं ठेवत होता.

"शेजारीणबाई, इस्पितळाचा फोन आहे, लगेच सांगायचंय. तेरा ऑगस्ट, गुरुवार. वर की खाली?"

पाढा फिरला. उत्तर जिभेवर आलं. हिसेलाच्या फोनमधून ती इस्पितळातली बाई "अहो, आहात का?" विचारत होती.

"खाली," एर्मिंदा म्हणाली. "हो म्हण. लवकर हो म्हण."

संध्याकाळी ओरिएल फाटकाशी आला, हातात फोनचं कॅलेंडर उघडलेलं. "दोन्या एर्मिंदा, तेरा ऑगस्ट वर आहे की! हिनं तारीख पक्की करून टाकली. आता ठेकेदाराला काय सांगू?"

"मग चुकलं असेल माझं."

"तुमचं? तुमचं कधी चुकलंय का?"

"नाही ना." तिनं फाटकाची कडी धरली. "नोल्बेर्तोच्या वेळी दोनदा फोन आला, ओरिएल. दोन्ही वेळा माझा हिशोब बरोबर होता. दोन्ही वेळा मी इस्पितळाला नको म्हणून सांगितलं."

ओरिएलनं कॅलेंडर बंद केलं. मग त्यानं फोन खिशात टाकला.

"आता जा घरी," ती म्हणाली. "आणि ठेकेदारानं विचारलं तर सांग, म्हातारीचा पाढा बिघडलाय."

त्यानं ठेकेदाराला सांगितलं की नाही कोण जाणे, गल्लीत मात्र ते पसरलं. नवरा गेला तशी बिचारीची गणितंही गेली, असं बायका एकमेकींना सांगू लागल्या आणि तारखा फोनमध्ये बघू लागल्या. एर्मिंदानं कुणाचंच बोलणं खोडलं नाही.

तेरा ऑगस्टला सकाळी ती खिडकीशी होती. ओरिएल धुतलेला सदरा घालून, उपाशीपोटी, हिसेलाबरोबर शहराच्या गाडीची वाट बघत उभा होता. गुरुवार होता, आठवडा वरचा होता, आणि माणूस खाली होता.