कार्डामागचा बोकड

“कॉपी!” असं ओरडून बाहेरून आलेल्या सुपरवायझर सरांनी तरन्नुमची उत्तरपत्रिका खेचून घेतली. पेपर संख्याशास्त्राचा आणि तिच्या कंपासपेटीत आकड्यांनी भरलेलं कार्ड. पदवीचं शेवटचं वर्ष. कॉपीचा शिक्का बसला की वर्ष फुकट, आणि पुढे बी.एड.चं तिने ठरवून ठेवलेलं.

या गोष्टीला वीस वर्षं होत आली. भाईंदरच्या त्या कॉलेजात मी शिपाई होते, परीक्षेत पाणी द्यायचे. पोरं मला मावशी म्हणत, तरन्नुम मौसी म्हणे. पोरगी काही गोड नव्हती. पहिल्याच दिवशी माझा ग्लास हुंगून म्हणाली, “मौसी, याला वास येतोय. साबण संपला की हात?”

“हात आहेत. तूच ये घासायला.”

आली, आणि सगळे ग्लास घासून गेली. तेव्हापासून आमचं जमलं.

वर्गात रोजे धरणारी ती एकटीच. पोरं विचारायची, “तुम्ही थुंकीपण गिळत नाही ना?” ती म्हणायची, “गिळते. तुझं बोलणंही गिळतेच की.” वेळेला मात्र पक्की. “टाइम म्हणजे टाइम, मौसी,” हे तिचं पालुपद. त्या दुपारी पेपरआधी तिने तेच कार्ड काढून मला दाखवलं होतं. रोजा कधी सोडायचा, त्याचं वेळापत्रक. आजच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “सहा चौदा. पाणी तेव्हा आण. आधी नको, नंतर नको.”

आता ती सरांना तेच सांगत होती. “सर, रमजानचा टाइमटेबल आहे.”

“पकडल्यावर सगळे काहीतरी सांगतातच.”

परीक्षेच्या वर्गात शिपायाने तोंड उघडायचं नसतं. मी पाण्याचा जग खाली ठेवला.

“सर, कार्ड उलटं करा.”

“मावशी, तुम्ही पाणी द्या.”

“देते. आधी उलटं करा.”

मागे मटणाच्या दुकानाची जाहिरात होती, लठ्ठ बोकडाच्या चित्रासकट.

“संख्याशास्त्रात बोकड असतो का, सर?”

वर्ग हसला. तरन्नुम हसली नाही, ती घड्याळ बघत होती.

सरांनी उत्तरपत्रिका परत दिली, कार्ड ठेवून घेतलं. वीस मिनिटं गेली ती गेलीच. तिचा शेवटचा प्रश्न राहिला. सहा चौदाला मी तिच्या बाकावर ग्लास ठेवला. ओढणीच्या गाठीतला खजूर तिने तोंडात टाकला, ग्लास आधी हुंगला, मग पाणी प्यायली आणि पुन्हा लिहायला लागली.

सेकंड क्लासात पास झाली. ती तरन्नुम शेख, राहणार मीरा रोड. आणि पाणी देणारी मी, चौथी पास, राहणार खारी गाव, भाईंदर.