अक्काबाईंचं कांद्याचं बी

जानेवारीच्या अखेरीला शेळगावात अक्काबाईंच्या शेताजवळ मी नेहमी सायकलवरून उतरायचो. बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याचे पांढरे गोंडे फुललेले असत आणि आग्या माश्यांची घुमघुम पार रस्त्यापर्यंत येई. १९९६ साली उतरलो, तर काहीच ऐकू आलं नाही.

अक्काबाई बांधावर उभ्या होत्या. उंच, काटक बाई. वर्गात मुलं उभी राहतात तशा हात मागे बांधून उभ्या राहायच्या.

"गुरुजी, वडावरची समदी मव्हळं उठून गेली. फुलं उमलायच्या आदीच."

कालव्याकाठच्या वडावर या माश्या दर थंडीत येत आणि मार्च तापला की जात. त्या वर्षी थंडी पडलीच नाही. शाळेच्या भिंतीवरचा पारा जानेवारीतच छत्तीसला गेला होता. अक्काबाईंनी मात्र कांदे नेहमीप्रमाणे विजयादशमीला, बुद्धवंदना झाल्यावर लावले होते. लावणीची ती रीत त्यांच्या सासूबाईंनी, कुशाबाईंनी घालून दिलेली. वाणही त्यांचाच, दिवाळीपर्यंत न सडणारा. कांद्याचं बी वर्षापलीकडे नीट उगवत नाही, आणि घरातला होता तेवढा कांदा मातीत गेलेला. माशी बसली नाही, तर कुशाबाईंचा वाण संपला.

बाईंनी गुळाचं पाणी करून गोंड्यांवर शिंपडलं. माश्या आल्या नाहीत, मुंगळे आले.

"तुमच्या अक्कानं मुंगळ्यांचं लगीन लावलंय," त्यांचे यजमान ज्ञानदेव म्हणाले.

"हसा. पुढल्या साली बाजारचा कांदा खाताना हसा."

पाचव्या दिवशी, उन्हं वर आल्यावर, पूर्वेकडून एक काळा ढग आला आणि बांधावरच्या बाभळीवर लोंबकळला. कुठून तरी उठलेलं मोहोळ वाटेत विसाव्याला थांबलं होतं. ज्ञानदेव पलिता पेटवायला धावले. तरुणपणी या माश्यांनी त्यांना आठ दिवस दवाखान्यात पाडलं होतं. शिवाय नात पायल त्याच बांधावरून शाळेत यायची.

"पलिता खाली ठेवा," अक्काबाई म्हणाल्या.

"पोरीला काय झालं म्हंजी?"

"पोरगी कालव्यानं जाईल. मी बसते हितं."

त्या तीन दिवस बाभळीपासून वीस पावलांवर पदर लपेटून बसल्या. बैल नाही, विडी नाही, मोठ्यानं बोलणं नाही. मी भाकरी घेऊन गेलो, तर हातानंच लांब थांबा म्हणाल्या. माश्या गोंड्यांवर जात होत्या, परत येत होत्या, आणि बाईंची नजर बाभळीवरून हलत नव्हती. माश्या चावतील याची भीती होतीच. उठून जातील याची त्याहून जास्त.

चौथ्या सकाळी माश्या उठल्याच. सगळं मोहोळ एकदम सुटलं आणि बाईंच्या डोक्यावरून गेलं. मी रस्त्यावर होतो, तरी खाली वाकलो. अक्काबाई डोळे मिटून जागच्या जागी बसल्या होत्या. फुलं अजून निम्मी उमलायची होती.

एप्रिलमध्ये गोंडे चोळले. एरवी दोन पायली बी निघे आणि शेजारच्या प्रत्येक घरी ओंजळभर जाई. त्या वर्षी एक तांब्याही भरला नाही. शेजारच्या छबूबाई वाटी घेऊन दारात आल्या, तेव्हा अक्काबाईंनी आयुष्यात प्रथम नाही म्हटलं, आणि आत जाऊन रडल्या.

संध्याकाळी मला बोलावलं. बियाच्या दोन पुरचुंड्या समोर होत्या. एक कऱ्हाटीच्या बहिणीकडे, प्रयागबाईकडे पाठवायची होती. सोबतची चिठ्ठी मी लिहायची होती.

"माश्या आता कुठं उतरतील, कवा उतरतील, कुणी सांगावं? हितं न्हाय तर तितं."

मी दोन ओळी लिहिल्या. बाई कागदाकडे बघत राहिल्या.

"गुरुजी, आन् तितंबी न्हाय उतरल्या तर?"

मी लागवडीची तारीख काय लिहू, विजयादशमीच का, एवढंच विचारलं.

"मोकळी ठिवा," त्या म्हणाल्या.