रफूवाल्यांनी दुकान देऊन टाकलं

रफूवाले नाकावर माशी बसू देत नसत. कोटाला भोक पाडून कुणी आला की आधी त्याला झापणार, मग काम हाती घेणार. आतल्या शिवणीतून दोरे काढून त्याच दोऱ्यांनी ते भोक असं विणत, की मालकालाही नंतर जागा सापडू नये. दुकान म्हणजे एक खोली, पण दाराशी भरपूर उजेड. तिथे त्यांची बैठक आणि शेजारी नात. थोरला मुलगा गेला तेव्हा ती रांगत होती. आता तिची वीण आजोबांपेक्षा सुबक होती. हे ते तिला कधी म्हणाले नाहीत, इतरांना मात्र रंगवून सांगत.

आपल्यामागे दुकान तिचंच, असं ते धरून चालले होते. एकदा मशिदीतून निघताना त्यांनी हे मौलवींना सांगितलं, तर मौलवींनी मान हलवली.

"धाकटा मुलगा आहे ना तुम्हाला? मग गेलेल्या मुलाच्या मुलीला वारसाहक्कात वाटा नाही. सगळं धाकट्याचं."

"म्हणजे बाप गेला म्हणून पोरीचा हक्कही गेला?"

"जवळचा वारस असताना लांबच्याला मिळत नाही. म्हणून तर वसियत, म्हणजे मृत्युपत्र, आहे. तिला एक तृतीयांशापर्यंत देता येतं."

"दुकानाशिवाय माझ्याकडे आहे काय! त्याचा तिसरा हिस्सा घेऊन ती बसणार कुठे?"

"मग जिवंतपणीच बक्षीस देऊन टाका. त्याला मर्यादा नाही."

धाकटा काही दुष्ट नव्हता. पण त्याचा रंगाचा धंदा होता, आणि ही खोली डबे ठेवायला बरी पडेल, असं तो आल्या-आल्या म्हणायचा. रफूवाल्यांनी वेळ घालवला नाही. शेजारचे दोन दुकानदार बोलावले, चहा मागवला आणि त्यांच्यादेखत म्हणाले, "हे दुकान मी नातीला दिलं." नात म्हणाली, "मी घेतलं." कपबशा परत गेल्या आणि रफूवाले पुन्हा आपल्या बैठकीवर जाऊन सुईत दोरा ओवू लागले. डोक्यावरचं ओझं उतरलं होतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी मौलवी उसवलेली शेरवानी घेऊन आले.

"दुकान आता कुणाचं?"

"हिचं!" रफूवाले तोऱ्यात म्हणाले.

"कुलूप कोण लावतं?"

"मी."

"भाव कोण ठरवतं?"

"मी नाही तर कोण? ही पडली भिडस्त."

"मग तुम्ही दिलं कुठे? नुसतं तोंडानं दिलंत. ताबा सोडल्याशिवाय बक्षीस पुरं होत नाही. उद्या डोळे मिटलेत तर दुकान मुलाचंच."

रफूवाले नातीकडे वळले. तिने हातातल्या शेरवानीवरून नजर वर केली नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला उठा कसं म्हणू, आजोबा?"

ते उठले. चष्म्याचं घर, सुयांची डबी, बसायची गादी, सगळं पिशवीत भरलं. किल्ली तिच्या हातावर ठेवली. तेच दोन दुकानदार पुन्हा बोलावले, त्यांना रिकामी बैठक दाखवली आणि भर दुपारी घरी गेले. घरात त्यांना करमेना. हातांना काय काम द्यावं तेच कळेना, आणि दार लावून ते रडले.

सकाळी पाय आपोआप दुकानाकडे वळले. नात उजेडात बसून काम करत होती. रफूवाले पायरीखालीच थांबले.

"असे परक्यासारखे काय उभे? आत या ना."

"आलो असतो. पण तू बोलावलंस हे कुणाला कळलं? मोठ्याने म्हण."

नातीने सुई खाली ठेवली, दारात येऊन उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आजोबा, माझ्या दुकानात या!"