अर्नाळ्याला उघडलेला धवला

आधी घरी काय आलं ते लिहिते. शाल एक, अंगाला टोचणारी. प्रमाणपत्र एक, जाड कागदाचं. कापडी पिशवी एक, तिच्यावर विद्यापीठाच्या भाषाविज्ञान विभागाचं बोधचिन्ह. भाजीला बरी आहे. आगाशीची सुकेळी पाव किलो, ती माझ्या पैशांनी. गेलं ते असं: दोघींचं जाण्यायेण्याचं भाडं तीनशेच्या आत, नारळ चाळीस रुपये, सुपाऱ्या आणि तांदूळ घरचे. जे आणायला गेले होते, ते मात्र आलं नाही.

एरवी या ब्लॉगवर मी कमी खर्चात देवदर्शन कसं करावं ते सांगते. या वेळी विद्वानांच्या दर्शनाला गेले होते. तिथली रांग लहान असते, पण प्रसाद मिळेलच असं नाही.

माझ्या सासूबाई जूचंद्रातल्या धवलारीण. आमच्याकडे लग्नात विधीविधीची गाणी असतात, त्यांना धवला म्हणतात. सासूबाई तो गायच्या, मी आणि माझी धाकटी जाऊ वनिता मागून सूर धरायचो. त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी विद्यापीठाच्या एक मॅडम घरी आल्या, ओटीवर बसून सगळा धवला रेकॉर्ड करून घेऊन गेल्या. आता वैशाखात माझ्या प्राचीचं लग्न आहे. पोरीची मागणी एकच, मांडवात आजीचा आवाज हवा. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "अर्नाळ्याला आमचं बोलीभाषांचं शिबिर आहे, तुम्ही गायला या. तिथेच बोलू आपण रेकॉर्डिंगचं."

फाल्गुनातला सोमवार. गावच्या चंडिकेला हात जोडून निघालो. जूचंद्रहून शेअर रिक्षाने नायगाव, पूल चढून पश्चिमेला, तिथून वसई गाव, आणि स्टँडवरून अर्नाळ्याची एसटी. बायकांनो, एसटीच धरा, अर्धं तिकीट आहे. रिक्षावाला जो आकडा सांगतो त्यात महिन्याचं दूध येईल. डावीकडे बसा. निर्मळचं तळं दिसतं, शंकराला बसल्या जागी नमस्कार होतो. मग केळीच्या वाड्या, चर्च, पुन्हा वाड्या. आगाशीला उतरून सुकेळी घ्यावी. ही पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात, उपासाला चालते, महिनाभर टिकते.

शेजारच्या सीटवर टोपली घेऊन बसलेल्या मावशींनी आमचा सगळा पत्ता काढला. "कंला चालल्याव गो येवऱ्या उन्हान?"

वनिता म्हणाली, "आमची भाषा शिकवाला."

"कोनाला?"

"मास्तरांना."

मावशी बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "पैसं आधी घ्या."

शिबिर समुद्राजवळच्या एका रिसॉर्टमध्ये होतं. रस्त्यात बांबूंवर बोंबील वाळत होते, वास दारापर्यंत सोबत आला. आत मात्र जेवायला पनीर. माझा सोमवार होता म्हणून मला काही वाटलं नाही, वनिताचा नव्हता. तिने पनीरकडे असं पाहिलं की वाढपी दुसऱ्या टेबलाकडे गेला.

भिंतीवर मोठा फलक, 'आपली बोली, आपला श्वास'. फलक सोडला तर मराठी कुठे नव्हती. सगळे आपापसात इंग्रजीत श्वास घेत होते. एक सर माझ्याजवळ येऊन, सुतकात भेटायला आल्यासारखा आवाज काढून म्हणाले, "तुमची बोली मरणपंथाला लागलीय, याचं फार वाईट वाटतं." मी चहा पीत होते. म्हटलं, "चालायचंच, तुम्ही बिस्कीट घ्या."

जेवणानंतर आमची पाळी. मी मॅडमना स्पष्ट सांगितलं, "आमच्यात धवला मांडवाबाहेर गात नाहीत. गायचाच तर पाच सुपाऱ्यांचा मांडव मांडावा लागतो. आणि एकदा उघडला की मिटवल्याशिवाय उठता येत नाही."

"वा, मांडा ना," मॅडम म्हणाल्या. "व्हिडिओत छान दिसेल."

मी टेबलावर तांदूळ पसरले, सुपाऱ्या ठेवल्या, मधली सुपारी नवरी. नारळ समोर. देवाचं नाव घेतलं आणि उघडला. हळदीपर्यंत आलो असू, मॅडमनी हात वर केला. "थँक्यू, थँक्यू. नमुना मिळाला आम्हाला. पुढचं सत्र आहे."

मी गातच राहिले. काय करणार? हळद लावून नवरी बसवलीय, तिला कोण सोडून जाईल? मॅडमनी घड्याळ दाखवलं. मरणपंथावाले सर उठून फोनवर गेले. नवरी हळदीतून निघाली, बाशिंग बांधलं, मांडवात उभी राहिली, आणि पुढचं मला येईना. पाठवणीच्या आधीचा तो भाग सासूबाई एकट्या म्हणायच्या, आम्ही त्या वेळी पंगतीचं बघायला उठलेल्या असायचो. वनिताकडे पाहिलं. तिलाही येत नव्हतं.

"बाय," ती हळूच म्हणाली, "नवरी उबी हाय. आता मिटवाचा कसा?"

मी मॅडमना म्हटलं, "सासूबाईंचं रेकॉर्डिंग लावा. त्यांच्या आवाजात पुरा होऊ दे, मग आम्ही उठतो."

मॅडम म्हणाल्या, तसं लावता येत नाही. मूळ रेकॉर्डिंग विभागाच्या संग्रहात बंद आहे, लेखी विनंती आली की समिती ठरवते, आणि ज्यांचा आवाज आहे त्यांची संमती लागते.

"त्या वारल्या."

"हो ना," मॅडम म्हणाल्या, "तीच तर अडचण आहे."

तेव्हा पीएचडी करणारी एक ताई आपला लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, "काकू, माझ्याकडे आजींचं थोडं आहे." पडद्यावर डोंगररांगेसारख्या रेघा होत्या. तिने कळ दाबली आणि रिसॉर्टच्या त्या थंड खोलीत सासूबाई बोलल्या. "हलद." मग पुन्हा, "हलद." पुन्हा, "हलद." गाण्यातला तेवढाच एक शब्द जागोजागचा कापून ओळीने लावला होता. त्या 'ल'चा अभ्यास चाललाय म्हणे.

वनिताने पदर डोळ्यांना लावला. मी विचारलं, "पुढचं?"

"माझ्या विषयाला पुढचं लागत नव्हतं, काकू, म्हणून मला एवढंच दिलंय." तिचा चेहरा पडला. "पण आजी श्वास कुठे घेतात ते मला पाठ आहे. वर्षभर कानात घेऊन फिरतेय त्यांना." पोर खोटं बोलत नव्हती. राग धरायला मला जागा राहिली नाही. तो मी मॅडमकडे वळवला.

तेवढ्यात हार्मोनियम घेऊन पुढचे लोक आले. त्यांना टेबल हवं होतं. आम्हाला शाल पांघरून फोटो काढले, प्रमाणपत्र दिलं. मी सुपाऱ्या तांदळासकट, हलू न देता, ताटात उचलल्या. एसटीत ते ताट मांडीवर धरून आले. कंडक्टर म्हणाला, "ताई, खाली ठेवा की." वनिता म्हणाली, "खाली कसं ठेवनार? लगीन लागताय."

घरी येऊन आता पंधरवडा होत आला. अर्नाळा छान आहे, जरूर जा. सकाळी जा, सोमवार टाळा. प्राचीच्या बाबांनी पिशवी बाजाराला लावली, शाल मोलकरणीनेही नको म्हटली. ताट मात्र देवघरात आहे. त्यातले तांदूळ मला बदलता येत नाहीत, नारळ फोडता येत नाही. एक नवरी अर्ध्यावर उभी असताना माझ्या घरात दुसऱ्या नवरीला हळद कशी लावू, हे कोणत्या समितीला विचारायचं ते मला ठाऊक नाही. प्राची मला सांगते, "आई, असं काही नसतं." आणि रोज सकाळी ताटाकडे बघून जाते.

मॅडम, तुम्ही म्हणालात विनंती लेखी हवी. ही घ्या लेखी, चारचौघांत. सासूबाईंनी तुम्हाला धवला दिला तेव्हा तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं, वर चहा पाजला होता. मला कापलेला शब्द नको. सगळा आवाज हवा, खोकल्यासकट. फार तर एक दिवस द्या, ताटासमोर लावते, मिटवते आणि परत करते.

मांडव वैशाखात घालायचा आहे. पाठवता की नाही, तेवढं उलट टपाली कळवा.