मॉनिटर बंद करून निवडलेलं सॉफ्टवेअर

मंगळवार, सकाळी साडेदहा. येरवड्यातला एक छोटा ब्रेल छापखाना. हजर: व्यवस्थापक देशमुख सर, ऑपरेटर सुनंदाताई आणि तिथल्या कॉम्प्युटरांचं काम बघणारी मी. गैरहजर: सुनंदाताईंचा जुना कॉम्प्युटर. तो शुक्रवारी कायमचा बंद पडला होता.

सुनंदाताई जन्मापासून अंध आहेत. मराठी मजकूर ब्रेलमध्ये बदलायचा आणि कागदावर ठिपके उठवणाऱ्या प्रिंटरकडे पाठवायचा, हे काम त्या वीस वर्षं करताहेत. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, स्क्रीन रीडर. ते ऐकत त्या कीबोर्ड चालवतात. त्यांनी आवाजाचा वेग इतका वाढवलेला असतो, की मला त्यातला एक शब्द कळत नाही.

अडचण अशी होती. ब्रेलचा प्रोग्राम फक्त जुन्या विंडोजवर चालतो आणि तो बनवणारी कंपनी केव्हाच गुंडाळली गेली. देणगीत मिळालेला नवा कॉम्प्युटर लिनक्स या वेगळ्याच प्रणालीवर चालणारा. दहावीच्या अंध मुलांचा सराव प्रश्नसंच शनिवारी जायलाच हवा होता.

यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन. सोप्या भाषेत, कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. बाहेर लिनक्स, आत जुनं विंडोज. आपण पाहुणे आहोत याचा आतल्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. जुनी हार्ड डिस्क सुदैवाने शाबूत होती. तिची प्रत मी काढून ठेवली होती.

पोटातला हा कॉम्प्युटर तयार करणारी सॉफ्टवेअर बरीच आहेत. मी तीन निवडली आणि तक्ता केला. अकरा मुद्दे: किंमत, वेग, मेमरी, आतल्या विंडोजला प्रिंटर दिसतो का, वगैरे. पहिलं सॉफ्टवेअर दहा मुद्द्यांवर पास झालं.

देशमुख सरांनी तक्ता पाहिला. "छान! मग पहिलंच टाका."

"मॅडम, सकाळी मी ते सुरू कसं करायचं?" सुनंदाताईंनी विचारलं.

"सोपं आहे. ही विंडो उघडते ना, त्यात हिरव्या बाणावर क्लिक..."

मी तिथेच थांबले. लिनक्सचा स्क्रीन रीडर सुरू करून पाहिला. त्या विंडोवर तो चकार शब्द बोलेना.

"असू द्या," सर म्हणाले. "सकाळी शिपाई क्लिक करून देईल की."

"आणि तो रजेवर असला की मी पण रजेवर?" सुनंदाताई म्हणाल्या. "सर, वीस वर्षांत माझं कुलूप मीच उघडलंय."

माझ्या अकरा मुद्द्यांत हा मुद्दाच नव्हता.

मी उठून मॉनिटरचा स्विच बंद केला, माउस काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि तिन्ही सॉफ्टवेअर पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतली.

"आता कशी वाटतेय आमची बाजू?" सुनंदाताईंनी विचारलं.

"दोन तासांत तीनदा अडकलेय."

"मग बरीच प्रगती आहे."

पहिलं मुकं निघालं, ते बाद. तिसऱ्यात आवाज अर्धा सेकंद उशिरा यायचा. सुनंदाताईंनी एक ओळ ऐकली आणि हेडफोन काढला. "ही बाई अडखळतेय. हिच्यासोबत मी शनिवार गाठणार नाही."

दुसरं माझ्या तक्त्यात तळाला होतं. दिसायला ओबडधोबड, वेगातही थोडं मागे. पण ते विंडो न उघडता, नुसत्या टाइप केलेल्या आज्ञेने सुरू करता येत होतं. शिवाय आवाज वेळेवर येत होता. आता एकच कटकट उरली. लिनक्सचा आणि विंडोजचा, दोन्ही स्क्रीन रीडर इन्सर्ट हेच बटण वापरतात. ते दाबलं की दोघेही एकदम बोलायचे.

"आमच्या सोसायटीची मीटिंग," सुनंदाताई म्हणाल्या.

बुधवारी मी बाहेरचा रीडर कायमचा बंद केला आणि सगळी जुळणी नव्याने केली. पॉवरचं बटण दाबलं की थेट आतलं विंडोज उघडतं. नीट उघडलं तर एक बीप, नाही उघडलं तर तीन. विंडोज बंद केलं की बाहेरचं लिनक्सही बंद होतं. लिनक्सशी सुनंदाताईंची गाठच पडत नाही.

गुरुवारी सकाळी मी मुद्दाम दाराशीच उभी राहिले. सुनंदाताईंनी बटण दाबलं. मिनिटभर शांतता. मग एक बीप. लगेच त्यांची ती भरधाव बोलणारी बाई सुरू झाली आणि दहा मिनिटांत प्रिंटर खडखडू लागला. पहिल्या पानावरून त्यांनी बोटं फिरवली.

"तिसऱ्या प्रश्नात काना राहिलाय," त्या म्हणाल्या. "मशीन ठीक आहे, चूक टाइप करणाऱ्याची."

प्रश्नसंच शनिवारी दुपारी गेला. तीस वर्षांच्या नोकरीत मोठमोठे सर्व्हर उभे केले, पण त्या एका बीपचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा कशाचाच नाही. आता मी सॉफ्टवेअर निवडते तेव्हा आधी वापरणाऱ्याच्या खुर्चीत बसते. तक्ता त्यानंतर.

एक काम अजून राहिलंय. प्रिंटरमधला कागद संपल्याची सूचना पडद्यावर येते, पण स्क्रीन रीडर ती वाचत नाही. सुनंदाताई मशीनच्या आवाजावरून ओळखतात आणि म्हणतात, घाई नाही. माझ्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर आहे आणि त्याच्यापुढे अजून बरोबरची खूण नाही.