धुतलेली टाकी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्या विभागातली दोन फुटांची माशांची टाकी माझ्याकडे आली. सहा गप्पी, चार मॉली. घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. कोणी काही सोपवलं की मला ते परीक्षेपेक्षा मोठं वाटायचं. त्यात सर म्हणाले होते की तपासणीला समिती येईल तेव्हा टाकीबद्दल तूच सांगायचं.

खरी झाडं लावायचं मीच ठरवलं. दुकानातून हायड्रिलाची जुडी आणली आणि तशीच वाळूत खोचली. आठवड्याभरात ती खालून काळी पडली. बाबा आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या गढा भागात ठेल्यावर, म्हणजे हातगाडीवर, भाजी विकतात. टाकी त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. तरी ऐकून म्हणाले, "बांधलेली काहून ठेवली? जुडी मधातूनच सडते. मेथीवाल्याची पोरगी न तू! रबर काढ, एकेक काडी वेगळी लाव."

तसं केलं. काही दिवसांत पांढरी मुळं फुटली. दुपारी उन्हाची तिरीप आली की पानांवर बारीक बुडबुडे धरायचे. मॉलीला पिल्लं झाली आणि मोठ्या माशांच्या तोंडातून वाचली ती त्याच झाडीत लपून. काचेवर थोडं शेवाळ होतं, पाणी किंचित पिवळसर. मला ते सुंदर वाटायचं.

तपासणी आली की आमच्याकडे सगळं धुतात. पायऱ्या धुतात, कुंड्यांना गेरू लावतात, झाडांच्या बुंध्यांना चुना. त्या सकाळी मी पोचले तेव्हा टाकीही धुऊन झाली होती. वाळू ब्लीचिंग पावडरने पांढरीफेक, पाणी थेट नळाचं, आत प्लास्टिकची गुलाबी झाडं. माझी झाडं दाराबाहेर कोरड्या बादलीत पडली होती. पिल्लं पानांना चिकटून वाळली होती.

"सर बोले जंगल लग रहा है, साफ करो," शिपाई भैया म्हणाले. "मैं क्या करता, दीदी?"

मासे वर येऊन तोंड उघडत होते. पाणी बदलायला मी आदल्या दिवशी एक टब भरून कोपऱ्यात ठेवला होता. मासे त्यात टाकायला पाच मिनिटं लागली असती. सर दाराशी समितीची वाट पाहत उभे होते. मी म्हटलं, "सर, पानी में..."

"अभी नहीं, बेटा."

समिती आत आली. त्यातल्या एक मॅडम टाकीपाशी वाकल्या. "ये सब ऊपर क्यों आ रही हैं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर माहीत होतं. ब्लीचिंगने माशांचे कल्ले जळतात, त्यांना श्वास घेता येत नाही. टब चार पावलांवर होता.

"मैडम, इनके खाने का टाइम हो गया है," मी म्हणाले.

सगळे हसले. सर म्हणाले, "बड़ी होशियार बच्ची है." किती महिने मी त्यांच्या तोंडून एवढंच ऐकायची वाट पाहत होते.

समिती चहाला गेल्यावर मी मासे टबात टाकले. दोन मॉली थोडा वेळ हलल्या. संध्याकाळपर्यंत त्याही गेल्या.

सरांवर राग धरणं सोपं आहे. मी धरलाही. पण त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

परतताना ठेल्यावर गेले. बाबा मेथीवर पाणी शिंपडत होते.

"आले होते साहेब लोकं? काड्या वेगळ्या लावल्या, ते सांगितलं न?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"हुशार आहे म्हणाले."

बाबांनी समोरच्या गिऱ्हाइकाला ते लगेच हिंदीत सांगितलं, आणि त्याच्या पिशवीत मेथीची एक जुडी वरून फुकट टाकली.